सूर्यास्तापूर्वीची पंगत

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. जेथे शेते होती तेथे आयटी कंपन्या उभ्या राहिल्या आणि पेठांतील कित्येक जैन कुटुंबे येथील सोसायट्यांत राहावयास आली.

अशाच एका कुटुंबाचे पेठेत खाली दुकान, वर घर होते. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचलाच आजोबा गल्ला मुनीमजींवर सोपवून वर येत आणि सारे घर एका पंगतीस बसे. (जुलैत सातपर्यंत सवड मिळे, म्हणून मुलांना पावसाळा प्रिय.) चौविहार म्हणजे अशन, पान, खादिम, स्वादिम या चारही आहारांचा त्याग, हे मुलांना कोणी मुद्दाम शिकविले नाही, ते पंगतीत आपसूक कळले. रोजमेळ जेवणानंतर लिहिला जाई.

खराडीतील नातवाची कचेरी परदेशी ग्राहकांच्या घड्याळाने चालते. तो घरी येतो रात्री नऊला. आजीचे व्रत अखंड आहे. पंगत मात्र उरली नाही, आणि तिचे मन त्या पंगतीतच अडकलेले असते.

अलीकडे सकाळी ती नातवाला दोन डबे भरून देते. साडेपाचला फोन लावते. डबा उघडल्याचे तो सांगतो, मग ती आपला पहिला घास घेते.