पेठेतील केशकर्तनालय

पेठेचा इतिहास लिहिणारे अडत दुकाने, धर्मशाळा आणि पांजरपोळ यांची नोंद घेतात. केशकर्तनालयाची घेत नाहीत. वास्तविक सांगलीच्या गणपती पेठेसारख्या बाजारात 1970-80 च्या सुमारास दिवसाचा पहिला विचारविनिमय न्हाव्याच्या दुकानातील लाकडी बाकावर होत असे. समोरासमोर लावलेले दोन आरसे, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, तुरटीचा खडा, पाण्याची पितळी वाटी आणि फळीवर रेडिओ, एवढाच सरंजाम. आकाशवाणीच्या सात पाचच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की वस्तराही क्षणभर थबके. एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी करून पाच जण वाचत आणि मधले पान कोणाकडे गेले यावरून लटके भांडण होई.

त्या बाकावर मान होता तो केवळ क्रमांकाचा. हळदीचे मोठे अडते आणि त्यांच्याच गोदामातील हमाल शेजारी शेजारी बसत. “शेटजी, यांच्यानंतर तुमचा नंबर,” असे कारागीर निःसंकोच सांगे आणि एरवी कोणाचे न ऐकणारे शेटजी मुकाट्याने बसून राहत. गळ्याशी वस्तरा असताना कोणी मोठेपणा मिरवत नाही, असे आमचे एक वृद्ध अडते म्हणत.

बँकेत कर्जप्रकरण आले की ताळेबंद, तारण, विवरणपत्रे आम्ही तपासत असू. परंतु अमुक पेढी हमालांची मजुरी वेळेवर देते का, दोघा भावांत अबोला आहे का, हरिपूरच्या पेवातील हळद आपली म्हणून दाखवणाऱ्याची ती खरोखरच आहे का, हे कोणत्याही कागदावर नसे. बाकावर मात्र ते सर्वांना ठाऊक असे. चहाड्याही चालत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ऐकलेले सगळेच बाहेर न्यायचे नसते, ही शिस्त चांगला कारागीर पाळत असे. राजस्थानातून आलेल्या आपल्या कित्येक घराण्यांत पूर्वी सोयरिकीचे निरोप नाईच नेत असे. घरचे गुपित सांभाळणारा माणूस म्हणूनच त्याच्यावर तेवढा विश्वास होता.

एक प्रसंग विशेष लक्षात राहिला आहे. दर रविवारी येणारे एक किराणा व्यापारी सलग तीन आठवडे फिरकले नाहीत. कारागिराने दुकानात त्याविषयी अवाक्षर काढले नाही. सायंकाळी तो धोकटी घेऊन त्यांच्या घरी गेला. वाढलेली दाढी, बंद खिडक्या आणि न पेटलेली चूल पाहून तो तसाच पेठेतील दोन वडीलधाऱ्यांकडे गेला. देणेकऱ्यांच्या तगाद्याने ते गृहस्थ खचून गेले होते. त्या दोघांनी देणेकऱ्यांना एकत्र बसवून वर्षाचे हप्ते ठरवून दिले. ते दुकान पुढे अनेक वर्षे चालले आणि कारागिराला दिवाळीची पोस्त मात्र नेहमीएवढीच मिळाली!

अर्थात या आठवणी बाकावर ज्यांना जागा होती त्यांच्या आहेत. महाराष्ट्रातील अनेक गावांत दलित बांधवांचे केस कापण्यास नकार दिला जाई. संविधानाच्या अनुच्छेद 15 ने दुकानांतील अशी बंदी मोडली. ‘दुकान’ म्हणजे सेवा देणारी प्रत्येक जागा, असा व्यापक अर्थ डॉ. आंबेडकरांना 1948 मध्ये संविधान सभेत स्पष्ट करावा लागला. याच व्यवसायातील माणसांनी रूढीविरुद्ध उभे राहिल्याचेही उदाहरण आहे. 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. त्यात त्यांचे उत्पन्न बुडणार होते, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

आपल्या कारागिराच्या मुलाने वस्तरा हाती धरला नाही. दिवसभर उभे राहून बापाच्या पायांचे काय झाले ते त्याने पाहिले होते. त्याने केले ते योग्यच. आता आपली मुले फोनवरून वेळ ठरवून वातानुकूलित सलूनमध्ये जातात. तेथे थांबावे लागत नाही आणि शेजारच्या खुर्चीवर कोण आहे हेही कळत नाही. मागील वर्षी पेठेतील एका तरुण व्यापाऱ्याच्या दुकानाला बँकेचे सील लागले. पर्युषणात मंदिरात त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनाही ती बातमी तेव्हाच कळली. त्याचा फोन त्यापूर्वी महिनाभर बंद होता.

पेठेच्या मागील बोळात जुन्या पद्धतीचे एक दुकान अद्याप उघडे असते. रविवारी सकाळी नऊपर्यंत बाकावर बरीच जागा रिकामी असते.