आधी ब्रेक, मग रंग

टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. तिच्या वंशातली एखादी 207 आजही गोठ्यामागे विटांवर उभी दिसते. अशी पिकअप थोडक्या पैशांत पुन्हा धावू शकते, पण खर्चाचा क्रम चुकला की सगळे पैसे रंगातच संपतात. पहिली तपासणी चासीची. हातोडीने ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर आतून गंजाने पोखरलेलं. पाटे जिथे चासीला जोडलेले असतात आणि चिखल जिथे साचतो, तिथे विशेष बघावं. तिथेच सडली असेल तर मोह सोडावा, हे मी ठामपणे सांगेन. दरवाजे, फाळका, काचा, अगदी गिअरबॉक्ससुद्धा भंगार बाजारातून खुशाल आणा. ब्रेकचा एकही भाग जुना घेऊ नका. व्हील सिलिंडर, रबरी होज, मास्टर सिलिंडरचं किट नवंच हवं, कारण ही गाडी कांद्याच्या गोण्या भरून घाट उतरणार आहे. इंजिन खोलायची घाई नको. काळा धूर दिसला की लोक लगेच बोअरचा खर्च काढतात. पुष्कळदा एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब असतात. निळा धूर वेगळा, तिथे ऑइल जळतंय. आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. हौद्यातला गंज लांबी फासून झाकण्यापेक्षा तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा, वर रेड ऑक्साइड मारावं. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग चुकत नाही, त्यामुळे उरलेले पैसे दिवे, वायरिंग आणि टायरसाठी राखावेत. चकचकीत रंग पुढच्या हंगामात केला तरी चालतो.