जे कमी असेल ते
सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृह-खर्चावर घातलेल्या कमाल मर्यादेविरुद्ध एक पत्रक

ढाक्यात 16 डिसेंबर 1971 रोजी शत्रूने शस्त्रे खाली ठेवली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, 18 डिसेंबरला, लोकसभेत एक सवलत जाहीर झाली. युद्धात मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या वा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलेल, असे तिचे स्वरूप होते, आणि शिक्षणशुल्काबरोबर वसतिगृहाचा खर्चही तिच्यात होता. पंचेचाळीस वर्षे ती कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. सप्टेंबर 2017 मध्ये मात्र एक आदेश निघाला आणि त्याने शिक्षणशुल्क व वसतिगृह या दोहोंवर मिळून महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा घातली. या मर्यादेमुळे होणारी वार्षिक बचत सुमारे सव्वातीन कोटी रुपये असल्याचे संसदेत सांगण्यात आले. त्या वर्षीची संरक्षणावरची तरतूद, निवृत्तिवेतन वगळून, 2 लाख 74 हजार कोटींची होती. म्हणजे दर लाख रुपयांमागे सव्वा रुपयाही वाचत नव्हता. एवढ्यासाठी नौदलप्रमुखांना लेखी विनंती करावी लागली, देशभर संताप उसळला, आणि मार्च 2018 मध्ये ती मर्यादा मागे घेतली गेली.

सरकारला उपरती झाली असे मानून त्या वेळी पुष्कळांनी समाधान मानले. प्रत्यक्षात मागे घेतला गेला तो एक आकडा. तो ज्या सवयीतून निघाला ती सरसकट मर्यादा घालण्याची सवय शाबूत राहिली, आणि हयात, सेवेत असलेल्या सैनिकाच्या घरात ती आजही दर वर्षी बिल मागत असते. तिचे मूळ भत्त्यांच्या छाननीत आहे : सातव्या वेतन आयोगाने एकूण 196 भत्ते तपासले, त्यांपैकी 52 रद्द करण्याची आणि 36 इतर भत्त्यांत विलीन करण्याची शिफारस केली. एवढ्या पसाऱ्याची झाडलोट करणे गैर नव्हते. गैर होता तो झाडू मारताना धूळ आणि दाणे यांत फरक न करण्याचा आग्रह.

सेवेतील सैनिकाला मिळणाऱ्या रकमेचे नाव ‘वसतिगृह अनुदान’ असे आहे. मूल निवासी शाळेत असेल तर त्याच्या राहण्याजेवण्याच्या खर्चाची ही भरपाई असते. शिकवणीच्या खर्चासाठी ‘बालशिक्षण भत्ता’ ही वेगळी ठराविक रक्कम आहे. दोन्ही तरतुदी सामान्यतः थोरल्या दोन मुलांपुरत्या आणि बारावीपर्यंतच्या आहेत. अनुदानाची मर्यादा जुलै 2017 पासून महिना 6,750 रुपये होती आणि जानेवारी 2024 पासून ती 8,437 रुपये 50 पैसे, म्हणजे वर्षाला 1,01,250 रुपये झाली. या पन्नास पैशांकडे दुर्लक्ष करू नये. हिशेब किती काटेकोर आहे याची ती खूण आहे. मात्र हा काटेकोरपणा एकाच दिशेने चालतो, कारण नियम असा आहे की प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांपैकी जे कमी असेल ते द्यावे. खर्च 90,000 झाला तर 90,000 मिळतात, तेव्हा सरकारला वास्तवाची चाड असते; खर्च सव्वा लाख झाला तर 1,01,250 मिळतात, तेव्हा सरकारला वास्तव ठाऊक नसते. उरलेले 23,750 रुपये ज्याने भरायचे त्या हवालदाराचे मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते.

याहून चमत्कारिक प्रकार वेळेचा आहे. वसतिगृहे पैसे जूनमध्ये, मूल आत घेण्यापूर्वी मागतात, आणि भरपाई मात्र आर्थिक वर्ष संपल्यावर, वर्षातून एकदाच, शाळेच्या प्रमाणपत्रावर मिळते. सव्वा लाख ही वर नमूद केलेल्या मूळ वेतनाच्या चार महिन्यांहून मोठी रक्कम आहे. ती आधी उभी करायची, ती पतसंस्थेतून, सोने गहाण ठेवून की भावाकडून, हे ज्याचे त्याने ठरवायचे, व्याज ज्याचे त्याने भरायचे, आणि नऊ-दहा महिन्यांनी त्यातले जे कमी असेल ते परत घ्यायचे. याला अनुदान म्हणण्यापेक्षा सैनिकाने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने अधिक बरोबर ठरेल.

महागाईचे काय, असा प्रश्न निघाला की उत्तर तयार असते : महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचला की ही मर्यादा आपोआप 25 टक्क्यांनी वाढते. म्हणजे महागाई वाढल्याचे सरकार वर्षातून दोनदा स्वतःच जाहीर करते, जुलै 2017 मधला 5 टक्के भत्ता जुलै 2023 पर्यंत 46 टक्क्यांवर नेते, पण मुलाच्या ताटातल्या डाळीला ती महागाई साडेसहा वर्षे लागू होत नाही. आणि अखेर लागू होते तेव्हाही अर्धीच. हे सूत्र ज्याने बसवले त्याला गणित येत होते, खाणावळ माहीत नव्हती.

आता आक्षेपांकडे वळता येईल. पहिला आक्षेप समानतेचा : केंद्र सरकारच्या सर्वच कर्मचाऱ्यांना हाच दर आहे, मग सैनिकांनाच वेगळे का? या दराला बदलीची अटही नाही, हे खरे. आणि खोट नेमकी तेथेच आहे. आपल्या गावात स्थिर असलेल्या कर्मचाऱ्याने मुलाला निवासी शाळेत घालणे ही निवड असते. सैनिकाची नेमणूक ‘फील्ड’मध्ये होते, म्हणजे जिथे कुटुंब नेण्यास परवानगीच नाही अशा सीमेवरच्या वा संघर्षाच्या प्रदेशात, तेव्हा ती निवड उरत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांची ‘पीस’ नेमणूक, म्हणजे कुटुंबासह राहता येईल असे शांत ठाणे, मिळते आणि पुन्हा फील्ड. सक्ती आणि हौस यांना एकाच दराने तोलणे ही समानता नव्हे, आळस आहे.

दुसरा आक्षेप केंद्रीय विद्यालयांचा. ती बदलीच्या नोकऱ्यांसाठीच उभी राहिली, 1963 मध्ये त्यांचा आरंभच 20 पलटणी शाळा ताब्यात घेऊन झाला, आणि बदली होऊन आलेल्या मुलाला ती सामावून घेतात. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती बहुतांशी दिवसाच्या शाळा आहेत, मूल संध्याकाळी घरी जाईल असे गृहीत धरणाऱ्या, आणि घरच जिथे नेता येत नाही तिथे त्यांचा अभ्यासक्रम देशभर एक असून काय उपयोग? सातारा-कोल्हापूरकडच्या गावात आईजवळ राहून मराठी माध्यमात सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीला आठवीत आसामात आणि दहावीत राजस्थानात हिंदी-इंग्रजी माध्यमात बसवणे हे सातत्य कागदावरचे आहे. मुख्यतः सैनिकांच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलची संख्या सबंध देशात पाच आहे. मराठी मुलखाला जवळचे त्यांतले एक बेळगावचे. देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्याला 1961 मध्ये निघाली खरी, पण तिथेही संरक्षण दलांतील कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसाठी थोड्याच जागा राखीव आहेत.

तिसरा आक्षेप ब्रिटनहून आयात झालेला आहे. तिथे सैन्यातील पालकाला निवासी शाळेच्या शुल्काच्या 90 टक्क्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो, आणि सरकारी पैशावर महागड्या खासगी शाळा पोसल्या जातात अशी टीका त्यावर होते. ती टीका तिथे रास्त असेलही. आठ हजारांच्या अनुदानावर वरण-भात आणि लोखंडी खाट मिळवणाऱ्या मुलाला ती ऐकवणाऱ्यांनी आधी ताट पाहून यावे. ‘कोणी सांगितले होते भरती व्हायला?’ हा चौथा आक्षेप सहसा सभ्य भाषेत मांडला जातो, आणि त्याला उत्तर देणे सभ्य भाषेत शक्य नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये आठवा वेतन आयोग रीतसर स्थापन झाला असून त्याला 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे पुढच्या दशकाचे आकडे या काळात ठरतील. मर्यादा किती वाढवावी यावर तेव्हा पुष्कळ निवेदने जातील. त्या वादात पडणेच चूक आहे. कुटुंब नेता येत नाही अशा नेमणुकीच्या काळात, आणि दहावी-बारावीच्या मधोमध नेमणूक बदलल्यास त्या परीक्षा होईपर्यंत, शासकीय, अनुदानित वा सैनिकी वसतिगृहाचा प्रत्यक्ष खर्च पूर्ण द्यावा. पैसे उधळले जातील ही भीती असेल, तर कोणत्या संस्था ग्राह्य धरायच्या हे ठरवून ती भागते, त्यासाठी मर्यादा लागत नाही. आणि सत्राच्या आरंभीच ही रक्कम थेट वसतिगृहाकडे जावी. यात अशक्य असे काही नाही : बदली झाली की सामान हलवण्यासाठी आगाऊ रक्कम देण्याची तरतूद सरकारी नियमांत जुनीच आहे, आणि सैनिकाची ट्रंक, पलंग व भांडी यांना जो अधिकार आहे तो त्याच्या मुलाला अजून मिळायचा आहे.