ओसरीवरच्या गोष्टी : तात्यांची वही

सक्करदऱ्यास आमचें जुनें घर आहे. राजे भोसल्यांच्या वाड्याकडचा हा भाग एके काळीं गांवाबाहेरचा समजला जाई. आज तो भर नागपुरांत आला आहे. यंदा दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना तेथें एक रंगविलेली लाकडी पेटी हातीं लागली. झांकण सरकवून पाहतों तों आंत दशावतारी गंजिफांचीं वाटोळीं पानें! मोजून पाहिलीं, एकशेंवीसपैकीं एकही कमी नव्हतें. लाखेचें रोगण अजून चकाकत होतें. धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, हें कसें खेळायचें?” मीं मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार त्यास नीट दाखविले, परंतु त्याचा प्रश्न तो नव्हता. खेळ कसा मांडावा हें मला सांगतां येईना.

ज्यांना तें सांगतां आलें असतें ते आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले बंधु, १९९१ सालीं वारले. सरकारी कचेरींत लेखनिकाची नोकरी करून उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं बैठ्या खेळांच्या नादांत घालविलें. बुद्धिबळें, सोंगट्या, गंजिफा, बाजारांत नव्यानें आलेले पुठ्ठ्याच्या पेटींतील खेळ, कांहींही त्यांना वर्ज्य नसे. नवा खेळ आला कीं आठ दिवस तो घरांतील लहानथोरांबरोबर खेळून पाहत, आणि मग एका जाड बांधणीच्या वहींत त्याविषयीं लिहीत. गडी किती लागतात, डाव किती वेळ चालतो, बुद्धीचा भाग किती व दैवाचा किती, कोणत्या नियमावरून भांडण होतें, हें सर्व लिहून झाल्यावर शेवटीं त्यांचा अभिप्राय असे. सापशिडीखालीं लिहिलेलें मला अजून आठवतें : “मुलांस अंक शिकविण्यास बरी. मोठ्यांनीं मुलांखातरच खेळावी.” जागा विकत घेण्याच्या ‘व्यापार’ नांवाच्या खेळाबद्दल त्यांनीं लिहिलें होतें : “दोन तासांत जिंकणारा कोण हें सर्वांस कळतें, पण खेळ कांहीं संपत नाहीं.”

घरांत ह्या वहीची थट्टाच होई. “संसाराचा हिशेब सोडून सोंगट्यांचा हिशेब लिहितात,” असें काकू म्हणत, आणि आम्ही मुलें हंसत असूं. तात्या गेल्यावर दोन वर्षांनीं घर रंगवावयास काढलें. त्या गडबडींत ती वही मींच स्वतःच्या हातानें रद्दींत टाकली. गंजिफांची पेटी सुंदर, म्हणून ती माळ्यावर जपून ठेविली. वही मळकी, म्हणून ती गेली. कोणती वस्तु मोलाची होती हें कळावयास मला तीस वर्षें लागलीं.

खेळांविषयीं लिहीत बसणें हा रिकामटेकडेपणा, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. धर्मराजाच्या द्यूतापासून पटाचें नांव काढलें कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आंठ्या पडतात. परंतु आपल्या विद्वानांचें वर्तन ह्याहून निराळें दिसतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राज्यकारभाराबरोबर फांसे, कवड्या व चतुरंग ह्यांचेंही विवेचन आहे. सतराव्या शतकांतील नीलकंठ भट्ट तर आपल्या अधिकच जवळचे. त्यांचें घराणें मूळचें पैठणचें; पणजोबांच्या काळीं काशीस जाऊन राहिलें. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानींत मुंबईच्या उच्च न्यायालयांत वारसा व वाटणी ह्यांच्या खटल्यांतून प्रमाण मानला जात असे. त्याच नीलकंठांनीं आपल्या ‘नीतिमयूखां’त बुद्धिबळाच्या खेळाचें वर्णन केलें आहे. ज्या लेखणीनें वारसांचे हक्क ठरविले तिनेंच घोड्याची नि हत्तीची चाल लिहिली. तिला त्यांत कमीपणा वाटला नाहीं. पुढें औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण व्यंकटराम ह्यांनीं १८७१ सालीं ‘क्रीडाकौशल्य’ लिहून नाना प्रकारच्या बैठ्या खेळांची माहिती संस्कृतांत एकत्र केली.

आमच्या पेटींतील गंजिफांची कथा मात्र एका परदेशी गृहस्थानें मन लावून धुंडाळली. रुडॉल्फ फॉन लायडन हे बर्लिन येथें १९०८ सालीं जन्मले. भूगर्भशास्त्राचें शिक्षण घेऊन ते १९३३ सालीं मुंबईस आले. तेथें त्यांनीं व्यंगचित्रें काढलीं, वृत्तपत्रांत चित्रकलेवर टीकालेख लिहिले, व्यापारी कंपनींत नोकरीही केली. हें करीत असतां त्यांना गंजिफांचा नाद लागला. ठिकठिकाणचे संच त्यांनीं जमविले, जुन्या उल्लेखांचा माग काढला आणि तें सारें लिहून ठेविलें. म्हैसूरच्या पानांवर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत हिंदुस्थानी गंजिफांचें प्रदर्शन भरलें तेव्हां त्याचें पुस्तक त्यांच्याच लेखणींतून उतरलें. पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. बाबरानें १५२७ सालीं सिंधकडे गंजिफांचीं पानें पाठविलीं, हा त्याच्या आत्मचरित्रांतील उल्लेख गंजिफांच्या इतिहासांत पहिल्या पायरीसारखा आहे. तेथपासून आपल्या दशावतारी पानांपर्यंतची वाट ज्यांनीं नीट मांडून दाखविली त्यांत हा जर्मन गृहस्थ अग्रगण्य होय.

पानें रंगविण्याची कलाही अशीच नामशेष व्हावयाची. पण सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत उरल्यासुरल्या चिताऱ्यांस हाताशीं धरून आपल्या राजवाड्यांतच ती पुन्हां सुरू केली. आज सावंतवाडीचीं पानें लोक हौसेनें विकत घेतात आणि चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लावतात. खेळतात मात्र फारच थोडे.

खेळ तसा कठीण नाहीं. प्रत्येक अवताराचीं बारा पानें : राजा, प्रधान, आणि एकापासून दहापर्यंत चिन्हें असलेलीं दहा. गडी तीन, प्रत्येकास चाळीस पानें. गंमत अशी कीं पांच अवतारांत प्रधानाच्या खालोखाल दहाचें पान मोठें व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पांचांत सारें उलट, एक्का मोठा आणि दहाचें पान शेवटचें. बावन पानांच्या खेळांतल्यासारखा हुकुमाचा रंग येथें नाहीं. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं तो आरंभ करतो. रात्रीं हा मान कृष्णाच्या राजाचा. कोणत्या अवताराचें वरचें पान पडलें व कोणतें अजून दडून आहे, हें ज्याच्या ध्यानीं राहील तो जिंकतो. एकशेंवीस पानांची अशी मोजदाद मनांत ठेवणें ही बुद्धीची मोठीच तालीम आहे.

हें सर्व मला आतां लिहितां येतें तें आत्याबाईंमुळें. पेटी सांपडल्याचें कळतांच त्या मुद्दाम आल्या. वय नव्वदीच्या घरांत. नजर मंद झाली आहे, परंतु पान बोटांत धरतांच बसण्याची ढब पालटली. सूनबाई, नातू आणि मी असे तिघे त्यांच्यासमोर बसलों. चार दिवस रोज दुपारीं डाव झाला. चौथ्या दिवशीं खेळतां खेळतां तिन्हीसांज झाली, देवापुढें दिवा लागला. नवीन डाव वाटावयाचा होता. नातवानें विचारलें, “आतां रामाचा राजा कीं कृष्णाचा?”

आत्याबाई थबकल्या. “आपल्या घरांत ह्याचा एक नियम होता खरा. दादा सांगत असे… वहींत लिहिलेला असेल बघ.” दादा म्हणजे तात्या. वहीचें काय झालें तें त्यांना ठाऊक नव्हतें. मला तें सांगावें लागलें. त्या रागावल्या नाहींत. हातांतलीं पानें त्यांनीं खालीं ठेविलीं आणि म्हणाल्या, “मग आतां तुम्हीच ठरवा.” मला तें रागावण्याहून अधिक लागलें.

वाचकहो, परदेशांतून येणाऱ्या खेळांच्या पेटींत नियमांची छापील पुस्तिका असते, म्हणून तो खेळ कोणाही अनोळखी माणसाच्या घरीं उद्यां मांडतां येतो. आपले खेळ तोंडातोंडीं चालत आले. एकत्र कुटुंबांत तें खपून गेलें, कारण शिकविणारें कोणी ना कोणी ओसरीवर बसलेलें असे. आतां एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशीं. सांगणारें माणूस एकीकडे आणि ऐकणारें दुसरीकडे. पट, कवड्या व पानें ह्यांस कपाटांत जागा मिळते. नियमास माणसाच्या आठवणीखेरीज जागाच नसते, आणि आठवण माणसाबरोबर जाते.

तेव्हां आपल्या घरांत एखादे तात्या असतील तर त्यांची थट्टा करूं नका. त्यांची वही असेल तर ती दागिन्यांच्या पेटीजवळ ठेवा. नसेल तर एक वही आणा आणि आजीस शेजारीं बसवून तिचा एक खेळ तरी उतरवून घ्या. गडी किती, मांडणी कशी, आरंभ कोणाचा, शेवट केव्हां, हें लिहाच. पण त्याबरोबर आपल्या घरची रीतही लिहा, कारण ती दुसऱ्या कोठल्याही ग्रंथांत सांपडणार नाहीं.

आमच्या नातवानें वही केली आहे. पहिल्या पानावर त्यानें गंजिफांचे नियम आत्याबाईंच्या तोंडून ऐकून लिहिले आहेत, आणि खालीं आपला अभिप्राय दिला आहे : “फार चांगला खेळ. पण आजोबा पानें विसरतात.” तिन्हीसांजेच्या नियमापुढें मात्र त्यानें दोन ओळी कोऱ्या ठेविल्या आहेत. आत्याबाईंस कधीं आठवलें तर त्या भरावयाच्या आहेत.