लीग बुडाली, रेघ राहिली

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर सावरगावातील एक तरुण आमच्या ओसरीवर आला. नागपूरच्या कॉलेजात शिकणारा, उंचापुरा, बास्केटबॉलमध्ये तरबेज. "फादर, एका नव्या व्यावसायिक लीगच्या निवडीला बोलावणं आलं आहे. निवड झाली तर कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडावं म्हणतो," असे तो म्हणाला. मागे त्याची आई उभी होती. ती काही बोलली नाही. "विचार करून सांगतो," एवढेच आम्ही म्हणालो. तो विचार आज वाचकांपुढेच मांडतो, कारण अशी मुले इतर घरांतूनही आहेत.

असा प्रयोग आपल्या देशात पूर्वी झालेला आहे. २०१५ साली 'यूबीए' नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. पुण्याचा 'पेशवाज', मुंबईचा 'चॅलेंजर्स', शिवाय चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, पंजाब व हरियाणा यांचे संघ तीत होते. सामने दूरचित्रवाणीवर दिसले, तरुणांच्या आशा पालवल्या. चार हंगाम झाले आणि २०१७ नंतर लीग थांबली. आमच्या पांढुर्णा-सौसर भागात संत्र्याची बाग लावणारा शेतकरी पहिली चार-पाच वर्षे नुसता खर्चच करीत असतो, फळ त्यानंतर. लीग उभारणाऱ्यासही तेवढाच धीर लागतो.

धनाढ्य अमेरिकेत तरी निराळे काय घडले? १९६७ साली तेथे 'अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन' ही लीग ११ संघांनिशी निघाली. तिचा चेंडू लाल, पांढरा व निळा असे. दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याची पद्धत तिने लोकप्रिय केली. पण संघ गावे बदलीत राहिले, बुडत राहिले. १९७६ साली सहाच उरले. त्यांपैकी डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क व सॅन अँटोनिओ हे चार संघ जुन्या 'एनबीए' लीगमध्ये घेतले गेले.

उरलेल्या दोघांची कथा बोधप्रद आहे. केंटकीच्या मालकाने सुमारे ३० लाख डॉलर घेऊन संघ बंद केला. सेंट लुईसच्या मालकांनी, सिल्ना बंधूंनी, २२ लाख डॉलर तर घेतलेच. शिवाय त्या चारही संघांच्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा सातवा हिस्सा एनबीए असेतोवर आपणांस मिळावा, असे करारात लिहून घेतले. त्या एका वाक्याने त्यांना पुढे सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले. आणि २०१४ साली तो हक्क जवळजवळ सोडून देण्यासाठी आणखी ५० कोटी!

आणि खेळाडू? ज्यांचे गुडघे झिजले, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती म्हातारपणी पुरेसे निवृत्तिवेतन नव्हते. सुमारे ११५ जुन्या खेळाडूंसाठी सुमारे २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर झाले ते २०२२ साली, म्हणजे लीग संपल्यावर ४६ वर्षांनी. तोवर कित्येक जण हे जग सोडून गेले होते. मालकांनी उद्याचे लिहून घेतले होते. खेळाडूंनी आजचा सामना जिंकला होता. दोहोंत अंतर पडले ते एवढेच.

म्हणून त्या तरुणास आमचे सांगणे असे. खेळ वाईट नव्हे, त्याबद्दल मोबदला घेणेही गैर नव्हे. पण सही करण्यापूर्वी विचार: हंगाम मध्येच थांबला तर पैसे कोण देणार? दुखापत झाली तर औषधोपचार कोणाचा? उत्तर तोंडी नको, कागदावर हवे. आणि तो कागद एखाद्या जाणत्या वकिलास दाखवून घ्यावा.

नागपूरच्या ज्या मैदानावर तू खेळतोस, तेथे तीन गुणांची कमानदार रेघ आखलेली आहे. ती लोकप्रिय करणारी लीग केव्हाच बुडाली, रेघ राहिली. खेळ टिकतो, लीग टिकेलच असे नाही. तेव्हा बाळ, निवडीला अवश्य जा. पण परीक्षेचा फॉर्म भरून जा. तुझी आई बोलली नाही, ते हेच असावे.