जिमखान्याचे दप्तर

पुणे विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांचा साद्यंत इतिहास लिहावा असे उद्या कोणी मनावर घेतले, तर त्याची पहिली वाट ढालीच अडवतील. महाविद्यालयांच्या काचेच्या कपाटांतून त्या दाटीवाटीने उभ्या असतात आणि वर्ष, स्पर्धा व विजेत्याचे नाव एवढे बिनचूक सांगतात. परंतु पाच हजार मीटरचे अंतर त्या विजेत्याने किती मिनिटांत तोडले, तो कोणत्या जमिनीवर धावला, पायांत काही होते की नव्हते, वेळ एका घड्याळावर घेतली की तिघांच्या, यांपैकी एकाही प्रश्नाला ढाल उत्तर देत नाही. ही उत्तरे जिमखान्याच्या वह्यांत सापडायची. ज्या प्रांताने पेशवे दप्तरातला चिठोरा न् चिठोरा जपला आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या अल्प अवधीत छापलेले पाहिले, त्या प्रांताला जिमखान्याची वही ही ऐतिहासिक साधनांत मोडते असे कधी वाटू नये, याचे मला सखेद आश्चर्य वाटत आले आहे. १९६१ ते १९६४ या काळात या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्यासारखा कागदपत्रांचा निस्सीम उपासक बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे तर हे आश्चर्य दुणावते.

वेळेच्या नोंदीविषयीची आपली उदासीनता विद्यापीठाहून जुनी आहे. पुण्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते आणि येथील महाविद्यालये मुंबईच्या आधिपत्याखाली होती, त्या काळात, म्हणजे १९१९ च्या सुमारास, १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झालेल्या शर्यतींना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले, आणि अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांचा वेग पाहून या मुलांना ऑलिंपिकला धाडावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्या तयारीच्या वेळी शंभर मीटरची पात्रता-वेळ काय असावी असे विचारता, जिमखान्याच्या एका प्रतिष्ठित सभासदाने एक-दोन मिनिटे असेल असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आपल्या स्वभावाला धरून आहे खास. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या चमूतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. शंभर वर्षे उलटूनही हा आकडा सेकंदासकट मला येथे लिहिता येतो, याचे श्रेय चौगुल्यांच्या पायांना जितके, तितकेच घड्याळ हाती धरून टिपण करणाऱ्या कोणा परदेशी कारकुनाला.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि गणेशखिंडीतली गव्हर्नरसाहेबांची हवेली विद्येच्या ताब्यात गेली. त्या वेळी बारा जिल्ह्यांचा मुलूख या विद्यापीठाकडे होता. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालयही त्याच इलाख्यात होते. तेथले प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाता यावे म्हणून आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती कुस्तीची कथा असली तरी त्या काळच्या क्रीडाविषयक तरतुदीचे इतके स्वच्छ चित्र कोणत्याही अंदाजपत्रकात मिळणार नाही. पुढे १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुणे विद्यापीठाकडे पुणे, नगर व नाशिक एवढेच जिल्हे उरले. भाऊबंदकीत जमिनीची वाटणी होते तेव्हा निदान सात-बारा तरी फिरतो. परंतु १९६२ पूर्वी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुणे विद्यापीठाकडून केलेला विक्रम वाटणीनंतर कोणाच्या खाती जमा धरावा, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. तो बहुधा दोन्ही खात्यांतून वजा झाला असावा.

स्पर्धांची उतरंड सर्वांना परिचित आहे. महाविद्यालयातून विभागात, विभागातून आंतरविभागीय स्पर्धेत, तेथून विद्यापीठाच्या संघात आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानावर. १९५६-५७ पासून सर्वंकष कामगिरीच्या विद्यापीठाला मौलाना आझाद करंडक मिळू लागला, आणि त्यासोबत गुणांचा हिशेब आला. हिशेब वाईट नव्हे. २०२० साली भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत पुण्याची आणि चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाची सुवर्णपदके सारखीच, सतरा-सतरा, भरली आणि रौप्यपदकांच्या बळावर पंजाब वर गेले, तेव्हा पुण्याला दुसरे स्थान मिळाल्याचा आनंद मलाही झाला. तथापि गुणांच्या हिशेबाचा एक दुष्परिणाम असा, की धावपटूचे काम विद्यापीठाच्या पदरात गुण टाकताच संपते. त्याची वेळ, त्याच्या आधीच्या वर्षाची वेळ, त्याच महाविद्यालयातल्या वीस वर्षांपूर्वीच्या मुलाची वेळ, या तिन्ही एका ओळीत मांडल्या तरच त्याला मैदानी स्पर्धांचा इतिहास म्हणता येईल, आणि ती ओळ कोणी मांडीत नाही.

आमच्या बारामती-इंदापूरकडील महाविद्यालये पुणे ग्रामीण विभागात मोडतात. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद, सोमेश्वरनगरचे मुगुटराव साहेबराव काकडे, इंदापूरचे, सुप्याचे, यांच्यापैकी कोठेही मैदानी स्पर्धांचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. शारीरिक शिक्षण संचालक टेप, सुतळी, खुंट्या आणि फक्कीची पोती घेऊन मैदानावर उतरतात आणि अंधार पडेतो मोजमाप चालते. एक लेन १.२२ मीटरची, एका पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनच्या मुलाला पहिलीपेक्षा ७.०४ मीटर पुढे उभे करावे लागते, आणि येथे वीतभर चुकले तर उद्याचा निकाल चुकला. ही विद्या भूमितीच्या प्राध्यापकाला ऐकून ठाऊक असते, मैदानावरच्या शिपायाला हातांनी. जागा अपुरी असेल तेथे चारशेऐवजी दोनशे मीटरची फेरी आखतात, म्हणजे दहा हजार मीटरच्या धावपटूला पंचवीसच्या जागी पन्नास फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दोन आवळ वळणे. बेलवाडीला आणि इंदापूरला तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण पाहत वाढलेल्या मुलांना गोल धावण्याचे नवल नसते. परंतु तोच मुलगा पुढे बालेवाडीच्या कृत्रिम धावपट्टीवर उतरतो, तेव्हा त्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जे सांगतात ते कोणत्याही निकालपत्रकात येत नाही.

ग्रामीण महाविद्यालयांची नावे लांब पल्ल्याच्या शर्यतींत का दिसतात आणि बांबूउडीत का दिसत नाहीत, याचे उत्तर शोधायला शरीरशास्त्रात जाण्याची गरज नाही. पूर्वी हातात बांबू आणि पलीकडे वाळूचा खड्डा असला म्हणजे भागत असे. फायबरच्या काठीने उंची वाढवली, उंचीने जाड गादी अनिवार्य केली, आणि त्या गादीची मंजुरी मिळेपर्यंत उडी मारणारा पदवी घेऊन निघून जातो. धावण्याला रस्ता पुरतो. आमचा मुलूख अवर्षणाचा. कऱ्हेचे पात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडे. माणच्या मोहीची ललिता बाबर, आष्टीच्या मांडव्याचा अविनाश साबळे ही दोघेही अशाच कोरड्या पट्ट्यातून आली, म्हणून दुष्काळ धावपटू घडवतो असे एक सोपे प्रमेय वर्तमानपत्रांतून हौसेने मांडले जाते. मला ते मान्य नाही. दुष्काळाने धावपटू घडत असते, तर आमच्या सुपे परगण्याने आजवर ऑलिंपिकचा अख्खा संघ उभा केला असता. नाशिककडे पाहावे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, आणि सात वर्षांनी त्याच अंतरात नाशिकच्याच संजीवनी जाधवने तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत रौप्यपदक घेतले. दोघींच्या मागे विजेंदर सिंग या एकाच प्रशिक्षकाचा वर्षानुवर्षांचा पहारा होता. पहारा म्हणजे तरी काय? रोज सकाळी घड्याळ लावणे आणि कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहणे.

आमच्याकडेही पहाटे घड्याळे लागतात, पण वेगळ्या कारणाने. मोरगावहून सुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडण्यापूर्वी जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांची नजर विद्यापीठाच्या मैदानावर नसून पोलीस भरतीवर असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. म्हणजे पाहू गेले तर मैदानी स्पर्धांची अर्धी परीक्षाच सरकारने घेऊन टाकली आहे. या मुलांत तोंडी हिशेब इतका पक्का असतो, की कोण किती सेकंदांनी सुधारला हे साऱ्या गावाला ठाऊक होते. महाविद्यालयाने त्यांना १६०० वरून १५०० मीटरच्या शर्यतीत ओढावे, तर आंतरविद्यापीठ प्रमाणपत्र आणि सवलतीचे दहा गुण एवढेच त्याच्या हाती देण्याजोगे. आणि नोकरी मिळाली की मुलगा ऐन बहरात मैदान सोडतो. याबद्दल त्याला दोष देणारे लोक बहुधा पगारदार असतात.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जिमखान्याच्या जुन्या वह्यांची एक प्रत विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात दाखल करावी, आणि विद्यापीठाने त्यांतून वर्षवार, शर्यतवार तक्ता छापावा. नावापुढे वेळ, वेळेपुढे मैदानाचा प्रकार, आणि ती हातघड्याळाची की विजेच्या यंत्राची हा शेरा अवश्य हवा. कारण १९७७ पासून चारशे मीटरपर्यंतच्या जागतिक विक्रमांना हातघड्याळ चालेनासे झाले, आणि शंभर मीटरची हाताची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडताना तीत ०.२४ सेकंद मिळवावे लागतात, हे न कळल्यास नातू आजोबांपेक्षा मंद ठरायचा. आरंभ बारामतीपासून व्हायला हरकत नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली, म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या वाटणीच्याच वर्षी निघाले, तेव्हा तेथल्या वह्यांत कोल्हापूर-साताऱ्याच्या हिश्शाचा घोळ येणार नाही. खर्चाची शंका कोणी काढील, तर जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीच वसूल होते, जे कधी धावले नाहीत त्यांच्याकडूनसुद्धा.

— कऱ्हाकाठकर