दुसरे घर : गुंतवणूक की गुंता?

नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड लोकलच्या शेवटच्या टप्प्यावर, ही मध्यमवर्गीयांच्या जीवनाची रचना आता दोन पिढ्यांची झाली आहे. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ या गावांत नोकरदारांनी पहिले घर घेतले ते निव्वळ गरजेपोटी. अलीकडे मात्र याच गावांत दुसरे घर घेण्याची ओढ वाढलेली दिसते. राहते घर असताना शिक्षक, बँक कर्मचारी किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला कारकून भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढतो, उरलेल्या रकमेसाठी कर्ज घेतो आणि एक फ्लॅट 'गुंतवणूक' म्हणून विकत घेतो. जागेत घातलेला पैसा कधी बुडत नाही, ही त्यामागील श्रद्धा होय. आयुष्यभराची बचत एकाच वस्तूत घालण्यास जी श्रद्धा प्रवृत्त करते, तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. बदलापूरचे उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे.

मुंबई–ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि १८५६ पर्यंत ती बदलापूर, नेरळवरून खोपोलीस पोचली. रेल्वे आली, तरी त्यानंतर शतकभर बदलापूर हे खेडेच राहिले. शहराने वेग घेतला तो अगदी अलीकडे. कुळगाव–बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९८ हजारांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ झाल्यावर 'येथे मागणी आहे' असे कोणीही म्हणेल, आणि ते खरेही आहे. प्रश्न मागणीचा नाही. ही मागणी कोणत्या किमतीला आणि कोणाच्या लाभासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे.

जमिनीच्या खंडाची मीमांसा रिकार्डोने १८१७ साली केली. धान्य महाग आहे म्हणून जमिनीला खंड मिळतो, खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, असे त्याचे सूत्र होते. त्याने सुपीकतेबद्दल जे सांगितले तेच पुढील अर्थशास्त्रज्ञांनी शहरातील अंतराला लावले. शहराच्या केंद्रापासून जागा जितकी दूर, तितका प्रवासाचा वेळ आणि खर्च अधिक, आणि तितकी जागेची किंमत कमी. बदलापूर मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर असून लोकलने साधारण दीड तास लागतो. तेथील फ्लॅटची स्वस्ताई ही कोणाची कृपा नव्हे. रोज तीन तासांच्या प्रवासाच्या मोबदल्यात मिळालेली ती सूट आहे. त्याचप्रमाणे रेल्वेचा मासिक पास स्वस्त राहतो, तेव्हा त्या सवलतीचा बराचसा भाग कालांतराने स्थानकाजवळील जमिनीच्या भावात जाऊन बसतो. सवलत प्रवाशाच्या नावाने दिली जाते आणि जमीनमालकाच्या खिशात जाते. म्हणजे येथील फ्लॅटच्या किमतीत विटा-सिमेंटइतकाच लोकलच्या वेळापत्रकाचाही वाटा आहे, आणि ते वेळापत्रक गुंतवणूकदाराच्या हाती नाही.

आता हिशेब मांडून पाहू. ४० लाख रुपयांचा एक तयार फ्लॅट घ्यावयाचा आहे असे समजू. मुद्रांक शुल्क, नोंदणी व किरकोळ खर्च मिळून सुमारे ३ लाख रुपये लागतील. पदरचे १० लाख आणि कर्ज ३० लाख. म्हणजे स्वतःची रक्कम १३ लाख. कर्ज ८ टक्के व्याजाने २० वर्षांचे धरले तर मासिक हप्ता सुमारे २५,१०० रुपये होतो आणि ३० लाखांपोटी एकूण ६० लाखांहून अधिक रक्कम फेडावी लागते. पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे २ लाख ३८ हजार रुपये असते.

उत्पन्नाची बाजू पाहता, अशा घराला महिना ९,००० रुपये भाडे येते असे धरू. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहते. म्हणून वर्षाचे ९९ हजार रुपये. सोसायटीची वर्गणी, मालमत्ता कर आणि डागडुजी यांचे २९ हजार वजा जाता हाती ७० हजार उरतात. म्हणजे ४० लाखांवर पावणेदोन टक्के! व्याज आणि भाडे यांतील तूट १ लाख ६८ हजार रुपयांची. शिवाय पदरचे १३ लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते ते साडेचौऱ्यांशी हजार रुपयेही याच खात्यात मांडावयास हवेत. दोन्ही मिळून वर्षाला अडीच लाखांचे भगदाड पडते. घराच्या किमतीच्या ते सव्वासहा टक्क्यांहून थोडे अधिक आहे. घराची किंमत दरसाल एवढी वाढली तरच गुंतवणूकदार केवळ बरोबरीत सुटतो. या वेगाने दहा वर्षांनी ४० लाखांचा फ्लॅट ७४ लाखांच्या आसपास विकला गेला पाहिजे. कालांतराने भाडे थोडे वाढेल हे खरे. पण विक्रीच्या वेळी दलाली आणि भांडवली नफ्यावरील कर हेही द्यावे लागतील. गृहकर्जामुळे कर वाचतो, हा युक्तिवादही आता पूर्वीइतका बळकट राहिलेला नाही. नव्या करपद्धतीत घरभाड्याच्या उत्पन्नातील तोटा पगारातून वजा करता येत नाही.

किंमत तेवढी वाढेल काय? येथे दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. भाव वाढतो तो जमिनीचा. इमारत मात्र दरवर्षी जुनी होत जाते. गिरगावात किंवा दादरमध्ये नवी जमीन निर्माण होऊ शकत नाही. म्हणून तेथे इमारत जुनी झाली तरी तिच्याखालची जमीन किंमत सावरून धरते. बदलापुरात तशी स्थिती नाही. शहराच्या कडेला अजून शेते आहेत, आणि ती संपली तर पुढे वांगणी, शेलू, नेरळ आहेतच. भाव थोडा चढला की नव्या इमारती उभ्या राहतात. दहा वर्षांचा जुना फ्लॅट विकावयास निघालेल्या मालकाची स्पर्धा समोरच्या रस्त्यावरील कोऱ्या करकरीत इमारतीशी असते. तेथे उद्वाहन नवे, वाहनतळ प्रशस्त आणि बँक कर्ज देण्यास उत्सुक असते. ज्या गावात पुरवठा सहज वाढतो, त्या गावात लोकसंख्या कितीही वाढली तरी जुन्या घरांचे भाव त्या प्रमाणात वाढत नाहीत. गर्दी वाढणे आणि नफा वाढणे या भिन्न गोष्टी आहेत.

शिवाय, ज्या जमिनीचा भाव वाढतो ती तरी फ्लॅटधारकाच्या नावावर असते काय? महाराष्ट्रात फ्लॅटच्या मालकीचा कायदा १९६३ सालचा. त्यानुसार इमारत व जमीन यांचे हस्तांतरण सोसायटीच्या नावे करून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. ते इतक्या सर्रास टाळले गेले की २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. ज्या सोसायटीच्या नावे जमीन झालेली नाही, तेथील सभासदाने चार भिंतींची किंमत मोजलेली असते. पुढे पुनर्विकासाची वेळ आली की जमिनीच्या लाभासाठी त्याला झगडावे लागते.

जाहिरातीत आश्वासने मात्र भविष्यकाळाची असतात. नवी मार्गिका येणार, मेट्रो येणार, विमानतळ जवळ येणार! यांतील काही गोष्टी खरोखर येतातही. पण केव्हा, यावर गुंतवणुकीचे सारे गणित अवलंबून असते. नवी मुंबई विमानतळास केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ साली मिळाली आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. मधल्या अठरा वर्षांचे व्याज ज्याने भरले, त्याला विमानतळ झाल्याचा आनंद किती व्हावा? कल्याण–बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा समावेश असलेल्या प्रकल्पास २०१९ साली मंजुरी मिळाली. तोवर या टप्प्यात दोनच मार्ग होते आणि त्यांवरून लोकलही धावे व पुण्याकडील मेल-एक्स्प्रेसही. घरे मात्र मार्गिकांची वाट पाहत थांबली नाहीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांत किमान चौघांचे प्राण गेले. अशा प्रवासाला कंटाळलेला भाडेकरू पगार थोडा वाढताच ठाण्याकडे सरकू पाहतो, हेही गुंतवणूकदाराने ध्यानात घ्यावे.

निसर्गाचेही एक खाते आहे. २००५ च्या जुलैतील महापुरात उल्हास नदीने या परिसरास झोडपले. जुलै २०१९ मध्ये बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पूररेषेजवळचा फ्लॅट स्वस्त का आहे, याचे उत्तर पावसाळ्यात मिळते. आणि पाण्याची खरी स्थिती उन्हाळ्यात कळते. फ्लॅट पाहण्याचे दौरे मात्र बहुधा दिवाळीच्या सुट्टीत होतात.

या साऱ्यामुळे पुष्कळ घरे विकलीही जात नाहीत आणि भाड्यानेही दिली जात नाहीत. ती कुलूपबंद राहतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, आणि अशा घरांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला होता. भाडेकरू घर बळकावील ही भीती त्यामागे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती रुजविली. १९९९ च्या नव्या कायद्यात नोंदणीकृत 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने मालकाला पुरेसे संरक्षण दिले, तरी ती भीती गेली नाही. एकीकडे कुलपे लावलेले फ्लॅट आणि दुसरीकडे घरासाठी वणवण करणारी कुटुंबे, असे विचित्र दृश्य त्यामुळे दिसते. त्या कुलपांमागे कोणा धनिकाचा काळा पैसाच असतो असे नव्हे. अनेकदा तेथे एखाद्या शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी अडकलेला असतो. मुलीचे शिक्षण किंवा घरातील आजारपण समोर उभे राहते तेव्हा फ्लॅटची एक खोली विकून पैसा उभा करता येत नाही.

राहण्यासाठी घ्यावयाच्या पहिल्या घराला हा सारा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे वाचलेले भाडे, मुलांची शाळा आणि मनाची स्थिरता यांचे मोल निराळे आहे, आणि त्यासाठी बदलापूर ही वाईट निवड नाही. दुसऱ्या घराचा विचार करणाऱ्याने मात्र काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. बांधकाम चालू असेल तर महारेराकडील नोंदणी व पूर्णत्वाची तारीख पाहावी. जुनी इमारत असेल तर जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे काय हे विचारावे. पूररेषा आणि पाण्याची जोडणी यांची खातरजमा करावी. आणि दलालाने सांगितलेले भाडे मिळते काय, याची चौकशी त्याच इमारतीतील भाडेकरूंकडे करावी. एवढे करूनही दरसाल सहा-साडेसहा टक्के भाववाढ गृहीत धरल्याशिवाय गणित जुळत नसेल, तर त्या व्यवहारास बचत म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. तो सट्टा आहे, आणि कर्ज काढून सट्टा खेळण्याची ऐपत पगारदार माणसाजवळ नसते.

शासनाचीही जबाबदारी आहे. पाणी व लोकल यांची क्षमता न पाहता इमारतींना परवानग्या देत राहणे आणि मागाहून प्रकल्पांच्या घोषणा करणे हा क्रम उलटावयास हवा. रेल्वेमुळे व सार्वजनिक खर्चामुळे जमिनीचा जो भाव वाढतो, त्याचा काही वाटा त्याच रेल्वेकडे व नगरपरिषदेकडे परत यावा आणि कुलूपबंद घरे भाड्याच्या बाजारात यावीत, अशी कररचना असावी. तसे झाले तर बदलापूरच्या माणसाला दोन मार्गिका अधिक मिळतील आणि भाडेकरूला घर मिळेल. गुंतवणूकदाराचा नफा त्यामुळे कदाचित घटेल. पण वर मांडलेल्या हिशेबात तो मुळात होताच कोठे?